घमेल्याचं वजन आणि माणसाचं वजन

नाशिकच्या पंचवटीतल्या एका बोळात उन्हाळ्यात एका घराचा स्लॅब भरायचा होता. बोळ इतका अरुंद की तयार काँक्रीट आणणारी रेडिमिक्सची गाडी सोडाच, लिफ्टवाला मिक्सरसुद्धा आत शिरेना. शेवटी साधा मिक्सर कोपऱ्यावर, पाराशेजारी उभा केला. तिथून घराच्या दारापर्यंत आणि दारापासून बांबूच्या परांचीवरून टप्प्याटप्प्याने वरपर्यंत तीसेक बाया-माणसांची लाइन लागली. सकाळी आठच्या सुमारास पहिलं घमेलं निघालं आणि मग दुपार उलटेपर्यंत ती लाइन थांबली नाही.

शेजारच्या वाड्यातला कॉलेजात जाणारा मुलगा ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "काका, अजूनही हे सगळं हातानंच? मशीन का नाही लावत?"

मी साइटवर बावीस वर्षं काढली आहेत. त्या क्षणी माझं लक्ष सळई उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांकडे, कव्हर ब्लॉककडे होतं, म्हणून "गल्लीत मावत नाही रे" एवढंच बोललो. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. माणसाचं बळ म्हणजे नेमकं किती, ते कशात खर्च होतं, यंत्रापुढे ते कुठे हरतं आणि कुठे हरत नाही, हे त्याला नीट सांगायला हवं होतं. तेच इथे लिहितो.

आधी त्या स्लॅबचाच हिशेब करू. हजार चौरस फुटांचा स्लॅब, जाडी पाच इंच. बीम धरले की साधारण १५ घनमीटर काँक्रीट लागतं. एका घनमीटर काँक्रीटचं वजन २४०० किलो. म्हणजे ३६,००० किलो, ३६ टन माल तीन मीटर वर न्यायचा. वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की लागणारी ऊर्जा निघते: साडेदहा लाख ज्यूल. आकडा मोठा वाटतो. पण विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. अख्खा स्लॅब वर चढवायला निसर्ग आपल्याकडून एक तृतीयांश युनिटसुद्धा मागत नाही! ७५ वॅटचा जुना पंखा चार तास फिरला तर एवढीच वीज खातो.

आता माणूस बघा. धडधाकट, सवयीचा मजूर आठ तास टिकेल अशा बेताने काम करतो तेव्हा त्याच्या स्नायूंतून बाहेर पडणारी शक्ती साधारण ७५ वॅट असते. म्हणजे तोच पंखा. अश्वशक्तीत मोजली तर एक दशांश. क्षणभरासाठी तो याच्या दहापट जोर लावू शकतो, पहारीवर अंग टाकून दगड हलवतो तेव्हा लावतोच, पण ते काही सेकंदांपुरतं. दिवसभराचा हिशेब ७५ वॅटचाच.

मग कागदावर एकटा माणूस चार तासांत स्लॅब चढवून मोकळा व्हायला हवा. प्रत्यक्षात तीस माणसांचा दिवस जातो. मधली सगळी मेहनत जाते कुठे? माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

काही मेहनत उघड दिसते. मिक्सरमध्ये खडी-वाळू भरणारे, सिमेंटच्या गोण्या वाहणारे, वर माल पसरणारे, थापी मारणारे. पण मोठी गळती दिसत नाही. समजा लाइन लावली नाही आणि प्रत्येकाने आपापलं घमेलं डोक्यावर घेऊन जिना चढायचं ठरवलं. घमेल्यात १८ किलो माल आणि नेणाऱ्या बाईचं वजन ५४ किलो. वर चढतं एकूण ७२ किलो. त्यातलं फक्त १८ किलो आपल्या कामाचं. चारातले तीन भाग कष्ट स्वतःचं अंग वर नेण्यात गेले. ती खाली उतरते तेव्हा तेही परत मिळत नाहीत, कारण शरीर चढताना खर्चलेली ऊर्जा उतरताना साठवून ठेवत नाही. उलट उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकसारखे वापरावे लागतात. पहिल्यांदा गड चढून आलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे.

लाइनमध्ये माणूस जागचा हलत नाही. फक्त घमेलं हलतं. अंग वर-खाली करण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. कुणी कधी शोधून काढली माहीत नाही, पण ही लाइन म्हणजे एक यंत्रच आहे. कन्व्हेयर बेल्ट जे करतो तेच माणसांनी केलेलं. बेल्टवरचा माल पुढे जातो, खालचे रोलर जागेवरच फिरतात.

त्या दिवशी मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला पाच घमेली जात होती. ३६ टन म्हणजे १८ किलोची दोन हजार घमेली. मिनिटाला पाच या वेगाने पावणेसात तास. आणि आता जरा थांबून हे वाचा: लाइनमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या हातातून ती दोन हजार घमेली गेली. अख्खा ३६ टनांचा स्लॅब प्रत्येकीच्या हातातून गेला. तीस जणांनी मिळून तो वाटून घेतला नाही, प्रत्येकाने पूर्णच उचलला, फक्त एकेक हात पुढे.

म्हणूनच मजूर नाक्यावर बाईची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, पुरुषापेक्षा कमी ठरवली जाते तेव्हा मला राग येतो. लाइनमधल्या दोन कड्यांचं काम मोजायला तराजूसुद्धा लागत नाही. जेवढं घमेलं तिच्या हातातून गेलं तेवढंच पुढच्याच्या हातात पोचलं. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशात १९७६ मध्ये झाला. लाइन लावून स्लॅब भरताना तो समजायला सगळ्यात सोपा आहे.

लाइन मधे तोडता येत नाही, याला कारण सिमेंट. पाणी लागल्यापासून सिमेंट आतल्या आत पकडू लागतं. साध्या सिमेंटला पहिली पकड यायला किमान अर्धा तास लागावा अशी मानकाची अट आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ मिळतो, पण कडक उन्हात तो झपाट्याने कमी होतो. एक भाग अर्धवट आवळला आणि मग शेजारी ताजा माल पडला, तर दोघांमध्ये जोड राहतो आणि पावसाळ्यात बरोबर तिथूनच पाणी गळतं. म्हणून चहासुद्धा आळीपाळीने. मुकादम ओरडतो तो माणसांवर वाटतो, पण खरं तर सिमेंटचं घड्याळ त्याच्या मागे लागलेलं असतं.

शरीराची आणखी एक गोष्ट शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसत नाही. भरलेलं घमेलं हातात धरून नुसतं उभं राहिलं तर शास्त्राच्या व्याख्येत काम शून्य, कारण वजन हललंच नाही. फळीवर ठेवलं तर फळी दमत नाही. हात मात्र दमतो. स्नायू म्हणजे कडी घालून अडकवलेला दोर नव्हे. त्याचे तंतू सतत पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि दर पकडीला इंधन लागतं. म्हणून लाइनमध्ये पुढच्याचा हात रिकामा नसला आणि घमेलं धरून ताटकळावं लागलं, की सगळ्यात जास्त थकवा तिथे येतो. चांगला मुकादम लाइन लावताना उंचीला उंची जुळवतो, दोघांमधलं अंतर हातभर ठेवतो, मंद हाताचा माणूस मधे येऊ देत नाही. हे सगळं तो अनुभवाने करतो आणि सगळं विज्ञानात बसतं.

भाकरी आणि डिझेल

७५ वॅटने आठ तास म्हणजे ०.६ युनिट. एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टातून बाहेर पडणारी ऊर्जा एवढीच. आता ती कुठून येते ते पाहू. स्नायू खाल्लेल्या अन्नाच्या फार तर चौथ्या हिश्शाचं कामात रूपांतर करतात, बाकीची उष्णता होते. त्यामुळे या ०.६ युनिटसाठी नेहमीच्या जगण्याच्या वर दोन हजारांहून जास्त कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साडेतीनशे कॅलरीच्या आसपास. म्हणजे सहा भाकरी केवळ कामापोटी, श्वास आणि शरीर चालवण्यापुरत्या वेगळ्या. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून नाशिकला येणारी मंडळी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि ठेचा बांधून आणतात. शिदोरी कमी पडली की दुपारनंतर लाइनचा वेग उतरतो. त्याला आळस म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा.

उरलेला तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन अंगाबाहेर पडायला हवा. कष्टाच्या कामात घाम हाच त्याचा मुख्य मार्ग. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा शरीराला बाहेरची उष्णताच झेपत नाही, त्यात स्वतःची भर. पाण्याचा पिंप आणि सावली या सोयी नाहीत, कामाचा कच्चा माल आहेत. पाणी तोडलं की वॅट तुटतात.

आता डिझेल. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते. इंजिन त्याचा एक तृतीयांश भाग कामाला लावतं, म्हणजे तीनेक युनिट. भागाकार करा: एक लिटर डिझेल म्हणजे पाच माणसांचा पूर्ण दिवस. पाच हजेऱ्यांपुढे लिटरभर डिझेलची किंमत काहीच नाही. ऊर्जेच्या बाजारात माणूस हरलेलाच आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढचा विचार सरळ होत नाही.

जेसीबीचं इंजिन ७६ अश्वशक्तीचं धरा. माणूस एक दशांश अश्वशक्तीचा. म्हणजे कागदावर एक जेसीबी बरोबर ७६० माणसं. पण खोदकामाला कुणी ७६० माणसं लावत नाही आणि एका जेसीबीने प्रत्यक्षात तेवढ्यांचं काम होतही नाही. साध्या मातीत माणूस कुदळ-फावड्याने दिवसाला दोन ते चार घनमीटर खोदून बाजूला टाकतो. मुरूम लागला की निम्म्यावर येतो. जेसीबी तासाला पंचवीस-तीस घनमीटर उपसतो असं धरलं, तर दिवसाचे दोनशेच्या वर होतात. म्हणजे त्याची बरोबरी साठ, सत्तर, शंभर माणसांशी. सातशेसाठांची ताकद शंभरांच्या कामावर का येते? कारण तो सात टनांहून जड लोखंडी गडी दर खेपेला आपला हात, कोपर, बादली उचलतो, फिरवतो, परत आणतो. माती थोडी, अंग जास्त. घमेलं घेऊन जिना चढणाऱ्या बाईसारखंच!

चाक, उतार आणि चुंबळ

हे एकदा कळलं की माणसाच्या बळाने चालवायची जुनी सगळी साधनं एकाच दिशेने पाहतात: फुकट जाणारे कष्ट वाचवायचे.

विहिरीवरची एकच कप्पी वजन हलकं करत नाही. दहा किलोची बादली ओढायला दहा किलोचाच जोर लागतो, घर्षणामुळे थोडा जास्तच. मग फायदा काय? जोर खालच्या दिशेने लावता येतो आणि माणूस दोरावर स्वतःच्या अंगाचा भार टाकतो. एरवी ओझं ठरणारं वजन इथे मदतीला येतं. दोन कप्प्या गुंफल्या तर जोर निम्मा लागतो, दोर दुप्पट ओढावा लागतो. कष्टांची बेरीज तीच राहते, फक्त ती माणसाच्या आवाक्यात येते. उताराचंही तेच. वीस फूट उंच चढवायचा दगड शंभर फुटांच्या उतारावरून ओढला की एकावेळचा जोर पाचव्या हिश्शावर येतो, घर्षण सोडून.

सपाट जमिनीवर चाकाला तोड नाही. एकचाकी हातगाडीत तीन-चार घमेल्यांचा माल बसतो आणि त्याचं बरंचसं वजन चाक पेलतं. पण चाकाला रस्ता लागतो. नाशिकच्या साइटवर मी कितीतरी गाड्या कोपऱ्यात गंजत पडलेल्या बघितल्या आहेत. छर्रे गेलेले, चाकात हवा नाही, वाटेवर खडी पसरलेली. चार फळ्या टाकून वाट केली आणि चाकाला वंगण दिलं तर पन्नास-शंभर मीटरच्या वाहतुकीत डोक्यावरच्या घमेल्याला गाडी सहज मागे टाकते. वीस मीटर आणि वर चढण असेल तर मात्र घमेलंच बरं.

डोक्यावरच्या ओझ्याबद्दल एक मजेशीर अभ्यास आहे. केनियातल्या लुओ आणि किकुयू बाया डोक्यावर ओझं वाहताना किती ऊर्जा खर्चतात ते संशोधकांनी मोजलं आणि १९८६ मध्ये मांडलं. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जवळजवळ जादा खर्चाशिवाय नेत होत्या. पुढे कारण सापडलं ते चालीत. चालताना आपलं शरीर लंबकासारखं झुलतं, ओझ्याखाली त्यांचा झोका बिघडत नव्हता, उलट सुधारत होता. नंतरच्या काही अभ्यासांत इतरांना असा फायदा आढळला नाही, त्यामुळे तो नियम म्हणून सांगता येणार नाही. पण चुंबळ घालून, मान ताठ ठेवून, पाणी न सांडता चालणारी आपल्याकडची बाई पाहिली की मला तो लंबक आठवतो. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की ५४ किलोच्या बाईसाठी वीस टक्के म्हणजे जेमतेम अकरा किलो. अठराचं घमेलं त्याच्या बरंच वर जातं.

या गोष्टींना सरकारी पातळीवरही गंभीरपणे घेतलं गेलं होतं. १९७०च्या दशकात जागतिक बँकेने भारत आणि इंडोनेशियात रस्ते आणि कालव्यांच्या कामांवर मोठा अभ्यास केला. प्रश्न हाच: यंत्राऐवजी माणसं लावली तर जमेल का? उत्तर दोन भागांत आलं. तांत्रिकदृष्ट्या बहुतेक सगळं जमतं. पण जुनी पद्धत आहे तशी ठेवली तर पैशात परवडत नाही. फावड्याचा दांडा, पातं, गाडीचं चाक, कामाची आखणी, मजुराचं खाणं आणि तब्येत यांत सुधारणा केली तर परवडायला लागतं. पन्नास वर्षं झाली, आणि नाशिकच्या साइटवर फावड्याचा दांडा अजून आखूडच आहे. लांब दांड्याने कंबर वाकत नाही, हे सांगायला अभ्यासाचीही गरज नव्हती.

दोन हजार माणसं आणि तीन जेसीबी

आता नाशिककडे नीट बघू, कारण आपलं गाव या विषयाचं उघडं पुस्तक आहे.

पांडवलेण्यांची २४ लेणी सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळात, साधारण इसवी सनाच्या आगेमागे, छिन्नी-हातोड्याने कोरली गेली. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, नेहमीच्या काँक्रीटपेक्षा पाच-दहा पट कणखर. समजा बारा मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर उंच एक दालन आहे. त्यातून ४३२ घनमीटर, म्हणजे बाराशे टन दगड चिपा-चिपांनी बाहेर काढावा लागतो. तो काढताना कारागीर वरून खाली आले. आधी छत, मग भिंती, मग जमीन. कामासाठी परांची उभारायला नको, पायाखालचा न कोरलेला दगडच परांची. फोडलेला दगड उचलायचा नाही, डोंगराच्या उतारावर लोटायचा. गुरुत्वाकर्षणाशी भांडायचं नाही, त्याला कामाला लावायचं. सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचं लेणं बघायला जाल तेव्हा छताकडे याही नजरेने बघा.

काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. दगड रामशेजहून आणला आणि दोन हजार माणसं बारा वर्षं राबत होती, असं परंपरेने सांगितलं जातं. तो आकडा खरा धरून आपला हिशेब लावा. दोन हजार माणसं, प्रत्येकी एक दशांश अश्वशक्ती. एकूण २००. आजच्या तीन जेसीबींचीही ताकद नाही! पण तीन जेसीबी बारा वर्षं चालवून काळाराम मंदिर उभं राहणार नाही. यंत्राकडून आपण फक्त जोर विकत घेतो. माणसाच्या हजेरीत जोर थोडा असतो आणि बाकी डोळा, बोटं, अंदाज असतो. दगडाची शीर कुठे आहे, टोला किती कोनात हवा, हा सांधा बसला की नाही. हातकामाची खरी किंमत वॅटमध्ये मोजताच येत नाही ती यामुळे.

कसारा घाटातून इगतपुरीला येणारा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. चढ ३७ला १. डायनामाइटचं पेटंट १८६७चं, म्हणजे घाट त्याआधीच फुटला होता. पहार धरून, घण मारून, दर टोल्याला पहार थोडी फिरवत हाताने भोकं पाडायची, त्यात काळी दारू ठासायची आणि उडवायची. आज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना बोगद्यात अंधार होतो तेव्हा भिंतीवरच्या त्या भोकांमागचे हात आठवावेत असं मला नेहमी वाटतं. आपल्या भागातल्या अशा कामांमागे पिढ्यान्‌पिढ्या वडार समाज उभा आहे. माती वडार मातीकाम करणारे, गाडी वडार दगड वाहणारे, पाथरवट जातं-पाटा घडवणारे. कामाच्या वाटणीवरूनच नावं पडली.

आणि १९७२चा दुष्काळ. त्या वर्षी यंत्र असूनही माणसं लावली गेली, कारण काम लवकर संपवणं हा उद्देशच नव्हता. घरोघरी रोजगार पोचायचा होता. खडी फोडणे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) यांच्या आठवणी अजून सिन्नर-येवल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्यात खर्चाचं प्रमाण मजुरी ६० आणि साहित्य ४० असं बांधून दिलं गेलं, कंत्राटदार नको, मजुरांची जागा घेणारी यंत्रं नकोत, असंही लिहिलं गेलं. अभियंत्याला हे उलटं वाटतं, कारण तो घनमीटर मोजतो. पण त्या कामात मोजायची गोष्ट वेगळी होती.

जिथे हात पुरत नाही

हातकामाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्याच्या मर्यादा लपवणार नाही. काँक्रीट हाताने कालवणं चांगलं नाही. फावड्याने माल उलटायला जड जातो, मग कालवणारा त्यात पाणी वाढवतो. माल सैल होतो, हात हलका होतो आणि काँक्रीटची ताकद घटते. जादा पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या सोडतं. हाताने कालवायचंच असेल तर दहा टक्के सिमेंट जास्त घाला, हा जुना नियम त्यामुळेच आला. त्या बोळातसुद्धा कालवायला मिक्सर होता आणि वर काँक्रीटला कंपनं देणारी नीडल होती, त्यावर मी अडून बसलो होतो. काँक्रीटमधली हवा बाहेर काढायला सेकंदाला शंभरभर कंपनं लागतात, सळईने कितीही ठोसलं तरी हात तिथे पोचत नाही. कॉलम उघडल्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी खडी उघडी दिसते ती याच चुकीने.

माती दाबायचंही तसंच. माती ठोकायची धुम्मस घेऊन घराची जोती भरता येतात. धरणाच्या भिंतीला ते पुरत नाही. मातीत पाणी एका ठरावीक प्रमाणात असेल आणि थर पातळ असेल, तरच रोलरखाली ती घट्ट बसते, आणि धरण टिकतं ते त्या घट्टपणावर. आपलं गंगापूर धरण मातीचंच आहे. दिंडोरी रोडवरच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन) संस्थेत माती-काँक्रीटच्या चाचण्या चालतात, तिथे हे पाण्याचं प्रमाण मोजलेलं बघता येतं.

आणि शरीर. खोदकामाचा २ ते ४ घनमीटरचा आकडा धडधाकट माणसाचा आहे, तो वर्षानुवर्षं तसाच राहत नाही. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८च्या केंद्रीय नियमांनी एकट्याने उचलायच्या वजनाची मर्यादा घातली: प्रौढ पुरुषाला ५५ किलो, प्रौढ स्त्रीला ३०. सिमेंटची गोणी ५० किलोची. म्हणजे बाईच्या डोक्यावर गोणी देणं नियमाबाहेर आहे आणि पुरुषाच्या बाबतीत ती काठावर बसते. आपल्या या एका स्लॅबला १२० गोण्या लागल्या. एका गोणीचे दोन भाग करून न्यायला फार तर तास जादा लागतो. मणक्यातली गादी एकदा सरकली की तो माणूस नाक्यावर उभा राहतो पण त्याला कुणी उचलत नाही. वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते, त्यासाठी कंत्राटदाराने दिलेला कामाचा दाखला लागतो. दाखल्यावर सही करायला दोन मिनिटं लागतात. ती मी तरी कधी टाळत नाही.

२०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरभर मोठी यंत्रं फिरताना दिसतात आणि रस्त्या-पुलांसाठी ती हवीतच. पण भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटीच्या बोळांत दोन वाड्यांच्या मधली भिंत उतरवायची, जुन्या मातीच्या भिंतीला हादरा न देता शेजारी पाया खणायचा, खाली कुठे पाण्याची लाइन आहे ते कुदळीच्या आवाजावरून ओळखायचं, ही कामं हातानेच होतात. दोन घनमीटरच्या खड्ड्यासाठी ट्रेलरवरून यंत्र आणण्यात पैसाही वाचत नाही. तिथे हात लावायचे, पण चांगल्या अवजारानिशी, बेताच्या ओझ्यानिशी, लाइन लावून.

त्या दिवशी तीनच्या सुमारास वरून गवंडी ओरडला, "दहाच घमेली!" मोजणी लाइनमधून खाली उतरत गेली, प्रत्येकाने आकडा पुढच्याला सांगितला. ओट्यावरचा तो मुलगा एव्हाना खाली आला होता. चहाला गेलेल्या एका मावशींची जागा रिकामी होती, तिथे तो उभा राहिला. पहिलं घमेलं त्याने हाताच्या ताकदीवर धरलं आणि डगमगला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "हातानं नको उचलू बाळा, पाय फाकव, कंबरेतून फिर. ते चाललंय, त्याला फक्त वाट दे." दुसरं त्याने तसं दिलं. उरलेली आठही त्याच्या हातातून गेली.